तागापासून नायलॉनपर्यंत: रत्नागिरीच्या जाळ्यांचा मागोवा

महाराष्ट्राच्या वस्त्रकलेचा विषय निघाला की पैठण, येवला, सोलापूर ही नावं येतात. रत्नागिरीचं येत नाही. पण इथल्या दालदी, खारवी, भोई, गाबीत या मच्छीमार समाजांतल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या हातानं विणलं ते मासेमारीचं जाळं, आणि गेल्या दीडशे वर्षांकडे मागे वळून पाहताना इथल्या धाग्याच्या कलेत पहिला मान मी त्यालाच देईन. तागाचं सूत वळायचं, त्याचं जाळं विणायचं, खाऱ्या पाण्यात ते कुजू नये म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवायचं आणि पुन्हा पुन्हा उन्हात वाळवायचं, असा तो व्याप होता. यावर आक्षेप ठरलेला: ही पोटासाठी केलेली कारागिरी, हिच्यात प्रेरणा कसली? उत्तर जाळ्याच्या आसात, म्हणजे विणीतल्या भोकाच्या मापात, आहे. कल्ल्यांशी मासा अडकवणाऱ्या जाळ्यात आस लहान असला तर मासा आत शिरत नाही, मोठा असला तर पार निघून जातो. म्हणून बांगड्याचं जाळं वेगळं, सुरमईचं वेगळं. पैठणीच्या पदरावर मोर उतरतो, इथे माशाचं अंगच विणीचं माप होतं. पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, तर याहून अवघड. वरच्या टोकाला मोजक्या आसांनी सुरुवात करायची आणि फेरागणिक आस वाढवत असा घेर साधायचा, की फेकल्यावर तो पाण्यावर गोल उघडेल. ही आकृती विणणाऱ्याच्या डोक्यात आधी पुरी तयार असावी लागते; मी तिला कलाच म्हणेन.

नायलॉननं ही कला संपवली, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. 1935 मध्ये अमेरिकेत जन्मलेला हा धागा स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत इथे रुळला. तो कुजत नाही. सालीचा काढा आणि रोजची वाळवण सुटली, ही सुटका खरी होती आणि तिच्याबद्दल हळहळण्याचं कारण नाही. मात्र नायलॉन गुळगुळीत असल्यानं त्यावर जुनी गाठ सरकते. हाताला जादा वेढा शिकावा लागला. यंत्रावरचं तयार जाळं आलं, तरी ते दोरावर चढवणं माणसाकडेच राहिलं. ताणून बांधलं तर आस मिटतात, झोळ जास्त सोडला तर मासा गुरफटतो. मिरकरवाडा आणि हर्णै या बंदरांत फाटलं जाळं अजून हातानंच सांधलं जातं. तुटला तो ताग पिकवणाऱ्या शेताशी असलेला दुवा, आणि त्याची किंमत समुद्र मोजतो: हरवलेलं तागाचं जाळं कुजून जायचं, नायलॉनचं मात्र तळाशी मासे मारत राहतं.

जाळंही जपून ठेवण्याजोगा वारसा असतो: 1913 मध्ये तेव्हाच्या फिनलंडमधल्या अँट्रिया इथे झाडाच्या अंतर्सालीचं सुमारे 10,000 वर्षांपूर्वीचं जाळं सापडलं आणि त्या देशानं ते राष्ट्रीय संग्रहालयात जपलं. आपल्या दमट हवेत ताग तेवढा टिकणार नाही. म्हणून सालीच्या रंगाचं तागाचं एक जाळं, हाती विणलेला एक पाग आणि त्याच्या फेरांची मोजणी रत्नागिरीत आत्ताच जमवायला हवी, ताग वळलेले हात आहेत तोवर.