गिरकी काचेवर उतरताना

१८६० च्या दशकात पॅरिसच्या ऑपेरातली नर्तकी फोटोसाठी स्टुडिओत आली, की तिला आधी स्थिर उभं राहावं लागे. छायाचित्रकार काचेवर कोलोडियन पसरायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायचा आणि ओली असेपर्यंतच फोटो उरकायचा. त्यात कित्येक सेकंद जात. डोकं हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावण्याचीही रीत होती. फोटोत चेहरा आणि झगा उतरायचा, नाच बाहेरच राहायचा.

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कृती मांडली. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या आणि उन्हात क्षणार्धात फोटो निघू लागला. पण नुसत्या वेगाने भागत नाही. उडी गोठवली तर माणूस हवेत टांगल्यासारखा दिसतो. तो कुठून आला, कुठे चालला, हे कळत नाही.

लोई फुलरच्या नाचात याचं उत्तर कापडातच होतं. बाह्यांत काठ्या धरून ती रेशमाचे प्रचंड घेर फिरवायची. या पोशाखाचं अमेरिकन पेटंटही तिने १८९४ मध्ये घेतलं. रंगमंचावरच्या रंगीत दिव्यांत प्लेटला पुरेसा उजेड मिळणं कठीण. छायाचित्रकार सॅम्युअल बेकेटने १९०० च्या सुमारास तिचे फोटो उघड्यावर, दिवसाउजेडी काढले. त्यांत हात जवळपास दिसतच नाहीत. चुण्या जिथे आवळल्यात तिथून झटका निघाला, आणि कापड फुगलंय तिथवर तो पोहोचला, हे मात्र लख्ख वाचता येतं.

नर्तक निजिन्स्कीची गोष्ट वेगळी. २९ मे १९१२ रोजी पॅरिसमध्ये पहिल्यांदा सादर झालेलं त्याचं ‘फॉन’ हे बॅले प्राचीन ग्रीक चित्रांसारखं, एका बाजूने दिसेल असं बसवलेलं होतं. बॅरन अडॉल्फ द मेयरने त्याचे फोटो काढले. त्यांतल्या तीस फोटोंचं पुस्तक पॉल इरिबने १९१४ मध्ये छापलं. तळवा ताठ, बोटं जुळलेली, अंगठा सुटा, गुडघे किंचित वाकलेले. पुढचं पाऊल पडण्याआधीचा ताण त्या शरीरात साठलेला आहे.

निजिन्स्कीच्या नाचाची एकही फिल्म आज उपलब्ध नाही. १९८० च्या दशकात ॲन हचिन्सन गेस्ट आणि क्लॉडिया येश्के यांनी त्याच्या स्वतःच्या नृत्यलिपीवरून ‘फॉन’च्या हालचाली उलगडल्या. त्या हालचाली त्याच्या अंगावर कशा दिसत, हे मात्र द मेयरच्या फोटोंत पाहायला मिळतं. म्हणून असे फोटो पाहताना शटरच्या वेगाआधी नर्तकाचं वजन कोणत्या पायावर आहे ते शोधावं. नाच तिथूनच वाचता येतो.