संगणकाचीही प्रकृती पाहावी : मुक्त कार्यप्रणालीची निवड

रुग्ण समोर येऊन बसला की वैद्य तत्काळ औषधाची पुडी बांधावयास घेत नाही. वय, बल, सात्म्य, देश, काल यांचा विचार करूनच तो योग ठरवितो. दोन रुग्णांचे व्याधिनाम एकच असले तरी औषध एकच असेल असे नाही, हे आपणांस सांगावयास नको. तथापि आपल्याच चिकित्सालयातील मेजावर असलेल्या संगणकाच्या बाबतीत हा सारा विवेक आपण बाजूस ठेवतो. विक्रेत्याने जी कार्यप्रणाली घालून दिली ती स्वीकारावी, आणि ती बिघडली की ओळखीच्या मुलाकडून कुठलीतरी विनापरवाना प्रत घालून घ्यावी, असाच बहुतेक ठिकाणचा परिपाठ आहे. आमचाही होता.

हा परिपाठ सोडण्याची वेळ आता आली आहे. मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज एक्सपी’चे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी, ‘विंडोज ७’चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि ‘विंडोज १०’चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. शेवटच्या प्रणालीसाठी ठरावीक मुदतीची वाढीव सोय देण्यात आली असली, तरी तो मार्ग तात्पुरताच होय. ‘विंडोज ११’ला किमान ४ जीबी रॅम तर लागतेच, शिवाय सुरक्षेची विशिष्ट चकती आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे साधारणतः २०१८ पूर्वीचे बहुसंख्य संगणक या निकषात बसत नाहीत. यंत्र धडधाकट, परंतु त्याच्या रक्षणाची जबाबदारी घेणारे कोणी नाही, अशी ही अवस्था आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभर थैमान घातले, तेव्हा इंग्लंडमधील रुग्णालयांनाही त्याचा फटका बसला होता. सुरक्षेची दुरुस्ती न झालेले संगणक हेच त्याचे मुख्य भक्ष्य होते.

शास्त्रोक्त योग आणि ‘पेटंट’ औषध

मुक्त कार्यप्रणाली म्हणजे काय, हे समजावयास आपल्या व्यवसायातील उदाहरण पुरेसे आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये आपली औषधे दोन वर्गांत मोडतात : ग्रंथोक्त योग आणि ‘पेटंट ऑर प्रोप्रायटरी’ औषधे. च्यवनप्राशाचा पाठ सर्वांसाठी खुला आहे. परवाना घेऊन कोणतीही फार्मसी तो सिद्ध करू शकते, त्याचा अभ्यास करू शकते. खासगी मालकीच्या औषधाचे तसे नसते.

मुक्त प्रणालीचा ‘पाठ’ असाच खुला असतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. पुढे १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा गाभा तयार केला. या दोहोंच्या संयोगातून जी प्रणाली उभी राहिली ती वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची व इतरांस देण्याची मुभा प्रत्येकास आहे. निरनिराळ्या फार्मसींचा च्यवनप्राश मूळ पाठाने एक असूनही पाकाच्या घट्टपणात व चवीत वेगळा असतो. त्याचप्रमाणे डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट, फेडोरा ही एकाच गाभ्यावर सिद्ध झालेली वेगवेगळी ‘वितरणे’ आहेत. आपल्या पुण्यातच मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने डेबियनच्या आधाराने तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली २००७ पासून उपलब्ध आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये आपल्या संगणकांसाठी उबुंटूवर आधारित ‘माया’ प्रणाली स्वीकारली, तर केरळातील शाळांतून मुक्त प्रणालीवर शिकविण्याची प्रथा कित्येक वर्षांची आहे. सारांश, हा केवळ हौशी मंडळींचा खेळ नव्हे.

वय आणि बल

प्रथम यंत्राचे वय आणि बल पाहावे. बल म्हणजे प्रामुख्याने रॅम. आमच्याकडे साताऱ्याच्या चिकित्सालयात एक आणि सांगलीच्या फार्मसीत दोन असे तीन संगणक होते. त्यांवरून आम्ही जे शिकलो ते असे.

रॅम ४ जीबी वा अधिक असेल तर ‘लिनक्स मिंट’ ही प्रणाली विंडोजची सवय असलेल्यास सर्वांत सोयीची वाटते. खाली डाव्या कोपऱ्यात यादी, तेथून कार्यक्रम उघडावयाचा, मांडणी ओळखीचीच. तिच्या २२ क्रमांकाच्या मालिकेस २०२९ पर्यंत सुरक्षा-साहाय्य मिळणार आहे. तिचीच ‘एक्सएफसीई’ ही आवृत्ती अधिक हलकी असल्याने ४ जीबीच्या यंत्रास तीच द्यावी. उबुंटूच्या २४.०४ या आवृत्तीस निर्मात्यांनीच किमान ४ जीबी रॅम सांगितली आहे, आणि ‘किमान’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. २ जीबीच्या यंत्रासाठी ‘लुबुंटू’ पाहावी. त्याहून दुर्बल यंत्रांसाठी ‘पपी’ व ‘अँटीएक्स’ या अल्पाहारी प्रणाली आहेत.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. संगणकात ३२-बिट विंडोज आढळली म्हणजे प्रोसेसरही ३२-बिट असतो असे नाही. ‘कोअर टू ड्युओ’सारखे २००६ नंतरचे अनेक प्रोसेसर ६४-बिट आहेत, विक्रेत्याने त्यांवर ३२-बिट प्रणाली घातली एवढेच. प्रोसेसरचे नाव पाहून खात्री करून घ्यावी, कारण मुख्य वितरणांनी ३२-बिट यंत्रांचा निरोप घेतला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून ३२-बिट संगणकावर नव्याने स्थापना करण्याची सोय उरलेली नाही.

बल वाढविताही येते. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली आणि रॅम ४ जीबी केली, तर दहा-पंधरा वर्षांचे यंत्रही तरतरीत होते. प्रणाली बदलण्यापूर्वी हा बृंहणाचा उपाय अवश्य विचारात घ्यावा.

सात्म्य

यानंतर सात्म्य. आपण रोज काय वापरतो, याची यादी कागदावर लिहावी. पत्रे, दर-पत्रके, बॅच-नोंदी यांसाठी ‘लिब्रेऑफिस’ पुरेसे आहे. जीएसटीचे विवरणपत्र, बँक, ई-मेल ही कामे ब्राउझरमध्ये होत असल्याने प्रणाली कोणतीही चालते. बारकोड वाचणारे यंत्र संगणकास कळफलकासारखेच दिसते, म्हणून तेही बहुधा अडत नाही. मुद्रकाचे मात्र तसे नाही. एचपी कंपनीच्या बहुतेक मुद्रकांना लिनक्सवर उत्तम आधार आहे, परंतु काही जुने लेझर मुद्रक फार हट्टी असतात. आधी तपासावे, मगच निर्णय घ्यावा.

खरी अडचण हिशेबाच्या आणि बिलांच्या कार्यक्रमांची आहे. टॅलीसह आपल्याकडील बहुतेक कार्यक्रम विंडोजसाठीच लिहिलेले आहेत. ‘वाइन’ नावाच्या साधनाने त्यांतील काही लिनक्सवर चालतातही. परंतु ज्यावर वर्षाचा हिशेब उभा आहे त्यावर असा प्रयोग करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनाचीही तीच कथा. एकल मालकी व भागीदारीच्या व्यवसायांना जीएसटीसाठी ओटीपीचा पर्याय आहे. कंपनी असेल तर मात्र डिजिटल स्वाक्षरी अनिवार्य ठरते. म्हणून आमच्या फार्मसीतील हिशेबाचा संगणक आम्ही विंडोजवरच ठेवला आणि त्यासाठी नवे यंत्र परवान्यासह विकत घेतले. तीनपैकी दोन बदलले, एक नाही. यात कमीपणा काहीच नाही.

मराठी लेखनाची परीक्षा

आपल्या दृष्टीने ही परीक्षा फार महत्त्वाची. लिनक्समध्ये मराठी युनिकोड पद्धतीने उत्तम उमटते. पुण्यातील रेड हॅट कंपनीच्या अभियंत्यांनी जोपासलेले ‘लोहित’ टंक बहुतेक वितरणांत सहज मिळतात, आणि शासनमान्य ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक प्रणालीतच असतो. परीक्षेसाठी आम्ही ‘साताऱ्यातील श्लेष्मप्रकोप’ हे दोन शब्द लिहून पाहतो. ‘ऱ्या’ नीट उमटला, ‘श्ले’ आणि ‘ष्म’ जुळले, की टंकाविषयी निर्धास्त व्हावे. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून ‘र’ची कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो. पुढे हलन्त व ‘य’.

जुन्या नोंदींची गोष्ट निराळी. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर युनिकोड नव्हे. तो टंक नसलेल्या संगणकावर त्या नोंदी निरर्थक चिन्हांचा ढीग दिसतात. प्रणाली बदलण्यापूर्वी, जुना संगणक चालू असतानाच, त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात आणि रूपांतरानंतर औषधमात्रेचे आकडे डोळ्यांखालून घालावेत.

आधी मात्रा अल्प

मुक्त प्रणालीची एक मोठी सोय अशी की ती स्थापन न करताच चालवून पाहता येते. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ती उतरवावी, संगणक त्यावरून सुरू करावा, आणि हार्ड डिस्कला हात न लावता वाय-फाय, ध्वनी, मुद्रक, मराठी सारे तपासावे. दोन दिवस असे काम करून पाहिले की यंत्रास प्रणाली मानवते की नाही ते कळते.

प्रणालीची फाइल मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि तेथे दिलेल्या पडताळणी-संकेताशी ती जुळते का ते पाहावे. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरून काहींनी तेथील दुवा बदलला आणि दूषित फाइल ठेवली होती. कच्चे द्रव्य परीक्षेवाचून कोठीत न घेणाऱ्या फार्मसीधारकांना याचे मर्म वेगळे सांगावयास नको.

आमची चूक

हे सारे लिहिण्याचा अधिकार आम्हांस आमच्या चुकांमुळेच प्राप्त झाला आहे. साताऱ्याचा संगणक ‘कोअर टू ड्युओ’, रॅम २ जीबी. नावाला भुलून आम्ही त्यावर थेट उबुंटूची मुख्य आवृत्ती घातली. दुर्बल रुग्णास तीक्ष्ण शोधन द्यावे तसे झाले. एक खिडकी उघडावयास चहा पिऊन होई. पुढे रॅम वाढविली, एसएसडी घातली, लुबुंटू स्थापिली आणि यंत्र मार्गी लागले.

दुसरी चूक मात्र भरून आली नाही. स्थापना करताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय आम्ही निवडला. नोंदींची प्रत पेन ड्राइव्हवर आहे, या भरवशावर. ती प्रत ज्येष्ठातली होती. आषाढापासून आश्विनापर्यंतच्या रुग्णनोंदी कायमच्या गेल्या. थंडी सुरू होताच तमकश्वासाच्या एक आजी आल्या. पावसाळ्यात कोणत्या अनुपानाने त्यांना उपशय मिळाला होता, ते आम्हांस आठवेना, आणि त्यांनाही. “तुम्ही लिहून घेतलं होतंत की, वैद्यबुवा,” एवढेच त्या म्हणाल्या. त्या दिवशीची शरम आम्ही विसरलेलो नाही.

नोंद हा रुग्णाचा ठेवा आहे, आपण केवळ तिचे विश्वस्त. सांगलीकरांना हे कृष्णेने २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शिकविले आहे. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या फार्मसीत पाणी शिरले, तेव्हा संगणक आणि नोंदवह्या एकाच टेबलावर असल्याने दोन्ही एकत्रच भिजल्या. आता दर शनिवारी सांगलीच्या नोंदींची प्रत साताऱ्यास आणि साताऱ्याची सांगलीस जाते. ‘शेड्यूल टी’नुसार बॅच-नोंदी राखणे ज्यांच्यावर बंधनकारक आहे, त्यांनी तर हा नियम कसोशीने पाळावा. शिवाय स्थापनेच्या वेळीच डिस्क कुलूपबंद करण्याचा पर्याय दिसतो, तो निवडावा; मात्र त्याचा परवलीचा शब्द कागदावर लिहून तिजोरीत ठेवावा, कारण तो विसरल्यास नोंदी आपणांसही मिळत नाहीत. रुग्णाची माहिती जपणे ही २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याचीही अपेक्षा आहे.

साहाय्य कोठे मिळेल?

‘अडले तर कोण पाहणार?’ हा प्रश्न रास्त आहे. आपल्या परिसरात या विषयाचे जाणकार आहेत. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरकर्त्यांचा गट आहे, आणि तेथे कार्यशाळा होत असतात. कराडलाही शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा विद्यार्थ्यांपैकी एखाद्यास बोलवावे, त्याच्या श्रमाचा योग्य मोबदला द्यावा. आमच्याकडील काम अभियांत्रिकी शिकणाऱ्या आमच्या भाच्याने दोन रविवारांत मार्गी लावले. प्रणाली विनामूल्य असते. माणसाचा वेळ विनामूल्य नसतो.

वैद्यबंधू-भगिनींनो, सर्वांनी उद्याच विंडोजचा त्याग करावा असा आमचा आग्रह नाही. ज्याचे काम तिच्यावाचून अडते त्याने परवाना घेऊन ती सुखाने वापरावी. परंतु आधार संपलेल्या वा विनापरवाना प्रतीवर रुग्णांच्या नोंदी ठेवणे हे अपथ्यच होय. या आठवड्यात एवढेच करावे : आपल्या संगणकाचे वय, रॅम व प्रोसेसरचे नाव एका कागदावर लिहावे, आणि नोंदींची ताजी प्रत काढून ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. निदान झाले की चिकित्सा सुकर होते, हे आपण रुग्णांना रोजच सांगत असतो.