घरच्या घरीं सुबक तसबीर

कांहीं वर्षांपूर्वी आमच्या मातुश्री निवर्तल्या. तेव्हां भिंतीवर लावावयास तसबीर हवी म्हणून आम्हीं घरांतील साऱ्या पेट्या धुंडाळल्या. अखेर एका लग्नाच्या समूहचित्रांतून त्यांचा चेहरा कापून मोठा करवून घ्यावा लागला. तो इतका पुसट निघाला कीं, धाकट्या नातवंडानें विचारलें, “ही आपली आजी का?” विड्या वळून त्यांनीं आम्हांस शिकविलें, परंतु स्टुडिओंत जाण्यास त्या संकोचत, आणि आम्हीहि “पुढें पाहूं” म्हणत राहिलों. आज बहुतेक घरीं मोबाइल आहे. आमच्या हातून झालेली चूक विद्यार्थ्यांच्या घरीं होऊं नये, एवढ्याचसाठीं हा लेख.

सुबक तसबिरीस स्टुडिओच लागतो, ही समजूत खरी नव्हे. १८१५ सालीं कलकत्त्यास जन्मलेल्या जुलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंस वयाच्या ४८ व्या वर्षीं कन्या व जांवई यांजकडून कॅमेरा भेट मिळाला. इंग्लंडांतील आइल ऑफ वाइट बेटावर त्यांनीं घरच्या कोंबड्यांच्या खुराड्याचीच चित्रशाळा बनविली. त्यांच्या तसबिरी आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. आपल्याकडेहि १८५४ सालीं मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे वैद्य असूनहि या कलेंत पुढें आले.

पहिली गोष्ट प्रकाशाची. आमच्या सोलापूरचें ऊन माध्यान्हीं डोक्यावरून पडतें, आणि डोळ्यांच्या खोबणींत व नाकाखालीं काळ्या सावल्या पाडतें. म्हणून अंगणांत न जातां, जेथून आकाश दिसतें परंतु ऊन आंत येत नाहीं, अशी खिडकी किंवा दार निवडावें. खिडकी जितकी रुंद, तितक्या सावल्या मऊ. युरोपांतील चित्रकार उत्तरेची खिडकी पसंत करीत, कारण तिकडे दुपारचा सूर्य सदैव दक्षिणेस असतो. सोलापूर मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळें मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत येथें दुपारचा सूर्यहि किंचित् उत्तरेस कलतो. अशा दिवसांत खिडकीवर पातळ पांढरें धोतर पसरावें, म्हणजे प्रकाश गाळून येतो.

बसणाऱ्याचें तोंड खिडकीकडे तिरकस असावें. चेहऱ्याची दुसरी बाजू फार काळवंडत असल्यास त्या बाजूनें कोणीं तरी पांढरा पुठ्ठा धरावा. घरांतील दिवे मालवावे. दिव्याचा पिंवळा व आकाशाचा निळसर प्रकाश एकत्र आले कीं कातडीचा रंग बिघडतो. मागें सोलापुरी चादर टांगण्याचा मोह होतो, पण तिची नक्षी चेहऱ्याशीं स्पर्धा करिते. साधी भिंत बरी, आणि माणूस तिजपासून चार-पांच फूट पुढें असावा.

दुसरी गोष्ट अंतराची. नाकाच्या शेंड्याहून कान सुमारें ५ इंच मागें असतात. कॅमेरा नाकापासून १२ इंचांवर धरिला, तर कान १७ इंचांवर पडतात. म्हणून नाक फुगलेलें व कान लहान दिसतात. तोच ७२ इंचांवर नेला कीं हा फरक जवळजवळ नाहींसा होतो. तेव्हां सहा फूट दूर राहावें आणि नंतर चित्राच्या कडा कापाव्या. भिंग मऊ कापडानें पुसावें, मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर पुस्तकांच्या चळतीवर टेकवावा, आणि पडद्यावर चेहऱ्यास बोट लावावें, म्हणजे कॅमेरा चेहऱ्याचाच प्रकाश मोजतो. चष्म्यांत खिडकी चकाकली तर मान किंचित् खालीं करण्यास सांगावें.

राहिली गोष्ट माणसाची; तीच सर्वांत अवघड. “हंसा” असें म्हणतांच चेहरा आखडतो. त्याऐवजीं जुनी हकीकत विचारावी, व हातांस नेहमींचें काम द्यावें. विडी वळणाऱ्या आईच्या मांडीवर सूप असूं द्यावें; हात स्वस्थ झाले कीं मुद्राहि स्वस्थ होते. एकच चित्र काढून थांबूं नये. वीस काढावीं, व त्यांतील एक ठेवावें.

तें एक मात्र कागदावर छापून घ्यावें, आणि पाठीमागें पेन्सिलीनें नांव व साल लिहावें. मोबाइल बदलतात, हरवतात. त्यांबरोबर चेहरेहि हरवतात. विद्यार्थीमित्रहो, येत्या सुट्टींत स्वतःचीं चित्रें काढण्यापूर्वीं आजीस खिडकीपाशीं बसवा. “पुढें पाहूं” असें म्हणूं नका. आम्हीं तसें म्हटलें होतें.