आधी जिना, मग मूर्ती

गावाकडून पाहुणे आले की राणीची बाग आणि चौपाटीच्या पाठोपाठ ‘म्युझियम’ येतंच. म्हणजे काळा घोड्याचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. हातात फार तर सकाळ असते. बरोबर गुडघे दुखणारी नाशिकची मामी आणि शाळकरी भाचा. सगळे मजले पाहायचे ठरवले तर काचा तेवढ्या पाहून होतात. म्हणून आदल्या रात्री मी दालनं गाळायला बसते.

पहिली काट युरोपीय चित्रांवर. टाटांनी हौसेनं जमवलेला ऐवज आहे, पण आमची मंडळी तिथे जांभया देतात. चिनी भांडीही जातात. भाच्याच्या हट्टापायी शस्त्रं राहतात.

मग क्रम. सगळे दारातून थेट मूर्तींकडे वळतात आणि लघुचित्रांपर्यंत पोचतात ते दमून. आम्ही आधी पहिल्या मजल्यावर चढतो, मामी सावकाश कठडा धरून. उजेडानं रंग उडतात म्हणून तिथे दिवे मंद. उन्हातून आलेल्याला आधी काहीच दिसत नाही. नजर सरावली की नखाएवढ्या चेहऱ्यावरची भुवई, मलमलीखालची बाही एकेक करून वर येते. ‘अन्वार-इ-सुहैली’ची पानं मांडलेली असली तर माझं कामच हलकं होतं. अकबराच्या काळातली, 1575च्या सुमाराची ही पोथी म्हणजे पंचतंत्राचंच फारसी रूप. भाचा प्राण्यांवरून गोष्ट ओळखायच्या मागे लागतो.

उतरल्यावर घुमटाखाली थोडा वेळ राखून ठेवावा लागतो. जॉर्ज विटेटनं इमारतीचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला आणि आत नाशिकच्या एका वाड्यातलं कोरीव लाकडी काम बसवलं. तिथून मामीला हलवणं सोपं नाही. पहिल्या महायुद्धात इथे लष्करी इस्पितळ होतं. लोकांसाठी दारं उघडली ती 1922 साली. हे सांगितलं तरी तिचं लक्ष खांबांवरच.

मूर्तींत दोनच ठिकाणी थांबायचं. ऐहोळेच्या देवळातला ब्रह्मा मुळात छतात होता, मान मोडेपर्यंत वर बघावं लागलं असतं. इथे त्याच्याभोवतीचे ऋषी निवांत पाहता येतात. दुसरे मीरपूरखासचे मातीचे बुद्ध. सिंधमधल्या स्तूपाचे, भाजलेल्या विटेच्या रंगाचे.

वाघ-पक्ष्यांचं दालन मुद्दाम शेवटी. ते आधी दाखवलं की भाचा पुढे येतच नाही. आणि बाहेर पडल्यावर शेजारची जहांगीर आर्ट गॅलरी मी नुसती बोटानं दाखवते. तोवर मामीला चहा हवा असतो.