लिनक्सवर विंडोजचा गेम अडखळतो तेव्हा : आधी निदान, मग उपाय

आजचा विषय थोडा हलका वाटेल, पण आमच्या अनुभवात लिनक्सकडे आलेली माणसं परत फिरतात ती बऱ्याचदा याच पायरीवरून.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले धडधाकट लॅपटॉप एका दिवसात ‘जुने’ ठरले. अशा मशीनवर लिनक्स टाकलं की घरातल्या मुलांचा पहिला प्रश्न येतो, ‘माझे गेम चालतील का?’ बरेचसे चालतात. पण पहिल्याच संध्याकाळी गेम रखडत चालला, तर निकाल लगेच लागतो : लिनक्स स्लो आहे. मग तो लॅपटॉप कपाटात जातो, नाहीतर भंगारात. म्हणजे प्रश्न नुसता खेळाचा नाही. चालू स्थितीतलं एक यंत्र आणखी चार-पाच वर्षं वापरायचं की नाही, याचाही आहे.

आज आपल्याला एकच गोष्ट समजून घ्यायची आहे. ‘गेम स्लो चालतो’ हे लक्षण आहे, आजार नव्हे. वेळ नेमका कुठल्या थरात वाया जातोय हे पाहिल्याशिवाय सेटिंग बदलत सुटणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मधले दुभाषी कोण?

विंडोजचा गेम लिनक्सवर चालतो तेव्हा आत काय घडतं ते आधी बघू. वाइन नावाचा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. वाइन आख्ख्या विंडोजची नक्कल करत नाही. गेमच्या फाइलमधल्या प्रोसेसरसाठीच्या आज्ञा थेट प्रोसेसरवरच चालतात, कारण प्रोसेसर तोच असतो. भाषांतर होतं ते फक्त मागण्यांचं. ‘ही फाइल उघड’, ‘हा आवाज वाजव’, ‘हे चित्र काढ’ अशा मागण्या गेम विंडोजकडे करतो आणि वाइन त्या लिनक्सला कळतील अशा करून पुढे पाठवतं.

चित्र काढण्याचं काम सगळ्यांत जड. विंडोजचे गेम त्यासाठी बहुधा डायरेक्ट-थ्रीडी वापरतात. लिनक्सवर ती सोय नाही, तिथे व्हल्कन आहे. म्हणून इथे आणखी दोन दुभाषी लागतात. डायरेक्ट-थ्रीडी ११ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी डीएक्सव्हीके, आणि १२ साठी व्हीकेडी-थ्रीडी-प्रोटॉन. व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये वाइन आणि असे दुभाषी एकत्र बांधून स्टीममध्ये दिले, त्या गाठोड्याचं नाव प्रोटॉन. त्याखाली ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, त्याखाली कर्नल आणि सगळ्यांत खाली प्रत्यक्ष कार्ड.

आता महत्त्वाचा मुद्दा. या दुभाष्यांचा खर्च असतो, पण तो सहसा थोडा असतो. विंडोजवर ६० फ्रेम देणारा गेम इथे ५५ देत असेल, तर तो भाषांतराचा खर्च म्हणता येईल. तोच गेम १५ फ्रेमवर आला, तर दुभाष्याला दोष देऊ नका; खाली कुठेतरी काहीतरी तुटलंय. उलटंही घडतं. २०२२ च्या फेब्रुवारीत एल्डन रिंग आला तेव्हा तो विंडोजवर मध्येमध्ये अडखळत होता. स्टीम डेकसाठी व्हीकेडी-थ्रीडी-प्रोटॉनमध्ये सुधारणा झाल्या आणि तिथला तो अडखळा बराच कमी झाला. म्हणजे दुभाष्याने मूळ वक्त्याला सावरून घेतलं.

आधी मोजा

डोळ्यांवर विसंबू नका. मँगोहड नावाचं छोटं साधन मिळतं. ते खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवतं : फ्रेम किती, प्रत्येक फ्रेमला वेळ किती, कार्ड आणि प्रोसेसर किती गुंतलेत, तापमान किती.

यात सेकंदाला किती फ्रेम हा आकडा सगळे बघतात, पण तो फसवतो. समजा एका सेकंदात ५० फ्रेम प्रत्येकी १४ मिलिसेकंदांत निघाल्या आणि एक फ्रेम ३०० मिलिसेकंद अडकली. हिशेब केला तर ५१ फ्रेम होतात, आकडा छानच दिसतो. पण खेळणाऱ्याला जोरदार धक्का बसलेला असतो. म्हणून फ्रेमला लागलेल्या वेळेचा आलेख बघा. ६० फ्रेमसाठी तो १६.७ मिलिसेकंदांच्या आसपास सपाट हवा.

दुसरी गोष्ट, कोण दमलंय ते बघा. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर कार्डाची मर्यादा आहे. कार्ड ५० टक्क्यांवर निवांत आहे आणि तरी फ्रेम कमी आहेत, तर अडचण बहुधा प्रोसेसरच्या बाजूला. इथे प्रोसेसरचा एकूण आकडा बघून चालत नाही. आठ धाग्यांच्या प्रोसेसरवर एकच धागा पूर्ण भरला तर एकूण आकडा १२.५ टक्के दिसतो, आणि गेम मात्र त्या एका धाग्यापायी अडून बसलेला असतो. सोपी चाचणी म्हणजे रिझोल्यूशन एकदम कमी करून बघा. फ्रेम वाढल्या तर कार्ड दमलं होतं. ढिम्म राहिल्या तर प्रोसेसर.

यानंतर आपल्या तक्रारीला तीनपैकी एका खणात टाका. गेम पहिल्यापासून सतत संथ आहे? एरवी बरा, पण मध्येच धक्के देतो? की सुरुवातीला छान आणि अर्ध्या तासाने ढेपाळतो? या तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

पहिला खण : सतत संथ

पहिला प्रश्न विचारायचा तो असा : चित्र काढतंय कोण? मँगोहडला सांगितलं तर ते कार्डाचं नाव दाखवतं. व्हल्कनइन्फो ही आज्ञा सारांशाच्या पर्यायासह चालवली तरी नावं कळतात. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ एवढंच नाव दिसलं, तर कार्ड काही करत नाहीये, प्रोसेसरच बिचारा हाताने चित्रं काढतोय. ड्रायव्हर नीट बसलेला नाही. जुना ३२-बिटचा गेम असेल, तर ड्रायव्हरच्या ३२-बिट लायब्ररी वेगळ्या बसवाव्या लागतात. ६४-बिटचे गेम सुरळीत आणि जुनेच नेमके बिघडलेले, असं दिसलं की आधी हेच तपासा.

दोन चिप असलेल्या लॅपटॉपमध्ये तर ही तपासणी अजिबात चुकवू नका. एक इंटेल किंवा एएमडीची घरगुती चिप, दुसरं एनव्हिडियाचं दमदार कार्ड. वीज वाचावी म्हणून लिनक्स साधारणपणे पहिलीवर चालतं. गेमही तिच्यावर गेला, तर पैसे मोजून घेतलेलं कार्ड झोपून राहतं. मग तो गेम दुसऱ्या कार्डावर चालव असं स्पष्ट सांगावं लागतं. बऱ्याच डेस्कटॉपवर चिन्हावर उजवी क्लिक केली की तसा पर्याय मिळतो; स्टीमच्या लाँच पर्यायांतही तो देता येतो.

एनव्हिडियाबाबत आणखी एक. नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर अनेक वितरणांत आपोआप चालू होतो. पण जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेच्या कार्डांवर त्याला कार्डाची गती वाढवता येत नाही, कारण त्यासाठी लागणारं फर्मवेअर कंपनीच्या सहीने बंद केलेलं आहे. कार्ड सुरू होतानाच्या मंद गतीवरच अडकतं. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून महामार्गावर नेण्यासारखं हे. इथे कंपनीचा ड्रायव्हर बसवणं हाच इलाज.

फार जुन्या कार्डांची गोष्ट निराळी. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या डीएक्सव्हीके २.० पासून व्हल्कन १.३ लागतं. जीटीएक्स ६०० मालिका आणि ७०० मालिकेतली बहुतेक कार्डं तिथवर पोचत नाहीत. नव्या प्रोटॉनवर गेम उघडतच नाही, मग कोणीतरी सांगतं की ओपनजीएलचं भाषांतर चालू करा. गेम उघडतो, पण रखडत. त्यापेक्षा प्रोटॉन ७ निवडून बघा. त्यात जुना डीएक्सव्हीके आहे आणि तो या कार्डांना झेपतो.

आणि हो, चार्जर लावलाय ना? पॉवर प्रोफाइल ‘बॅटरी वाचवा’वर तर नाही ना? हसू नका, ही तपासणी दहा सेकंदांची आहे आणि ती तासभराची शोधाशोध वाचवते.

दुसरा खण : मध्येच धक्के

नवीन जागी गेलं, नवा शत्रू आला, पहिला स्फोट झाला की धक्का. दुसऱ्यांदा मात्र नाही. हे शेडरचं लक्षण. शेडर म्हणजे कार्डावर चालणारा छोटा प्रोग्राम. तो गेमबरोबर तयार येत नाही, प्रत्येक कार्डाच्या भाषेत आयत्या वेळी बनवावा लागतो. तो बनेपर्यंत फ्रेम थांबते. एकदा बनला की साठवला जातो.

स्टीम गेम सुरू होण्याआधी शेडर तयार करत असल्याचा संदेश दाखवतं, तेव्हा कंटाळून ‘वगळा’ दाबू नका. तेवढा वेळ थांबलात तर पुढचे धक्के कमी होतात. डीएक्सव्हीके २.० मध्ये यासाठी नवी पद्धतही आली. ड्रायव्हर ताजा असेल तर शेडरचे तुकडे आधीच बनवून ठेवले जातात. त्यामुळे ‘अमुक असिंक पॅच लावा’ हे जुने सल्ले आता बहुतेकांना लागत नाहीत.

धक्के दर वेळी त्याच जागी येत असतील तर डिस्क बघा. विंडोजच्या काळातली एनटीएफएस ड्राइव्ह तशीच ठेवून तिथूनच गेम चालवण्याचा मोह होतो, कारण पुन्हा ८० जीबी कोण उतरवणार! पण जुन्या एनटीएफएस-३जी ड्रायव्हरवर फाइल वाचणं प्रोसेसरला महाग पडतं. शिवाय प्रोटॉनच्या फोल्डरमध्ये सांकेतिक दुवे आणि विसर्गचिन्ह असलेली नावं असतात, ती एनटीएफएसवर गोंधळ घालतात. एक गेम लिनक्सच्या विभागात हलवा आणि फरक बघा.

तिसरा खण : हळूहळू ढेपाळणं

इथे दोनच मोठे संशयित. पहिला उष्णता. तापमान चढलं आणि त्याच वेळी गतीचा आकडा उतरला, तर मशीन स्वतःला वाचवतंय. पंख्यातली धूळ काढा, लॅपटॉप गादीवरून टेबलावर आणा. दुसरा स्मृती. रॅम भरून स्वॅप वाढत चालली, किंवा कार्डाची स्वतःची स्मृती काठोकाठ भरली, तर गेम ओढत चालतो. ब्राउझर बंद करा, गेममधला टेक्श्चरचा दर्जा एक पायरी खाली आणा.

प्रोसेसर अडत असेल तर

गेममध्ये अनेक धागे एकमेकांसाठी थांबत असतात. ‘तुझं झालं का, मग मी सुरू करतो’ असं सतत चालू. विंडोजची ही थांबण्याची पद्धत लिनक्समध्ये तशीच्या तशी नव्हती, म्हणून वाइनला दर वेळी स्वतःच्या एका मध्यवर्ती प्रक्रियेला विचारावं लागायचं. तिथे रांग लागायची. त्यावर आधी ईसिंक, मग एफसिंक असे उपाय आले. आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या कर्नल ६.१४ मध्ये एनटीसिंक नावाने ही सोय खुद्द कर्नलमध्ये दाखल झाली. म्हणजे कर्नल नवा हवा आणि तुमचं वाइन किंवा प्रोटॉनही ती वापरणारं हवं. कार्ड आधीच ९८ टक्क्यांवर असेल, तर मात्र याने काही हाती लागणार नाही. म्हणून तर आधी मोजायला सांगितलं.

एका वेळी एकच बदल

शेवटी पद्धतीबद्दल. इकडून तिकडून गोळा केलेले सात लाँच पर्याय एकदम टाकले आणि गेम सुधारला, तर कशाने सुधारला? आणि बिघडला तर कशाने? आधी सगळे पर्याय काढून टाका. एक जागा ठरवा, एक मिनिट खेळा, आकडा वहीत लिहा. मग एकच बदल करून पुन्हा तीच जागा, तेच मिनिट.

द विचर ३ घ्या. डिसेंबर २०२२ च्या मोठ्या अद्ययावतीनंतर त्यात डायरेक्ट-थ्रीडी १२ आलं, पण ११ चा पर्यायही ठेवला आहे. १२ ची आवृत्ती विंडोजवरही जड आहे. तिथे कर्नल बदलत बसण्याआधी ११ निवडून बघणं शहाणपणाचं. एनव्हिडियाच्या कार्डांवर १२ चे गेम लिनक्समध्ये मागे पडल्याचं अनेक चाचण्यांत दिसलं आहे, त्यामुळे त्या मंडळींनी तर नक्कीच.

आणि सगळं तपासून झालं : नाव खऱ्या कार्डाचं दिसतंय, ते ९८ टक्क्यांवर आहे, तापमान ठीक, स्मृती मोकळी, आणि तरी ३० फ्रेम. मग तो लिनक्सचा दोष नाही, ती त्या कार्डाची ताकद आहे. सावल्या कमी करा, रिझोल्यूशन उतरवा, ३० वर मर्यादा लावून आलेख सपाट करा आणि खेळा. एकसारख्या ३० फ्रेम उड्या मारणाऱ्या ४५ पेक्षा डोळ्यांना बऱ्या वाटतात.

चला, आता प्रश्न घेऊ. प्रश्न विचारताना कार्डाचं नाव, कर्नलची आवृत्ती आणि तुमची तक्रार तीनपैकी कुठल्या खणातली, एवढं आधी सांगा. तेवढ्याने निम्मं काम झालेलं असतं.