माहेर (मराठी काव्य)

माहेर म्हणजे विवाहित स्त्रीच्या आईवडिलांचे घर. दुरावलेल्या घराची ओढ मराठी कवितेत ज्या रूपांनी व्यक्त झाली, त्यांत माहेर हे अतिशय जुने आणि व्यापक रूप आहे. जात्यावरच्या ओव्या, संतांचे अभंग आणि आधुनिक कविता या तिन्ही प्रवाहांत ते आढळते. अरबी काव्यातील उजाड मुक्कामाच्या वर्णनाशी त्याची तुलना करता येते.

शब्द आणि प्रथा

‘माहेर’ हा शब्द ‘मातृगृह’ या संस्कृत शब्दावरून, तर ‘सासर’ हा ‘श्वशुरगृह’ या शब्दावरून आला असे मानले जाते. एका घराच्या नावात आई आहे, तर दुसऱ्याच्या नावात सासरा. माहेरी आलेल्या लेकीला माहेरवाशीण म्हणतात आणि तिला सासरहून आणण्यासाठी जाणाऱ्यास मुराळी. हा मुराळी बहुधा भाऊ असतो. नागपंचमी आणि दिवाळी हे माहेरपणाचे सण होत. खानदेशात व त्याला लागून असलेल्या वऱ्हाडाच्या भागात अक्षय्य तृतीयेला ‘आखाजी’ म्हणतात; या सणाला लेकी माहेरी येतात.

ओवीतील माहेर

पिठाच्या गिरण्या येण्यापूर्वी घरोघरी पहाटे जात्यावर दळण होत असे. दळताना स्त्रिया ओव्या म्हणत. दिवसभर सासरच्या माणसांत मोकळेपणाने जे बोलता येत नसे, ते जात्यापाशी गाता येई. या ओव्यांत आईची माया, भावाची वाट पाहणे, त्याने आणलेली चोळी, भावजयीचा रुसवा आणि माहेरच्या गावाची वाट हे विषय पुन्हापुन्हा येतात. साने गुरुजींनी अशा ओव्या ‘स्त्रीजीवन’ या ग्रंथात संकलित केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करण्यात आल्या.

ओवीतील माहेर ही केवळ वास्तू नव्हे. आई गेली किंवा भाऊ परका झाला, तर घर, अंगण आणि गाव जागच्या जागी असूनही माहेर संपते. म्हणूनच या ओव्यांत भावाला आयुष्य मागितले जाते आणि भावजयीशी जुळवून घेण्याची धडपडही दिसते.

संतकाव्यातील माहेर

वारकरी संतांनी ही ओढ भक्तीच्या भाषेत आणली. ज्ञानेश्वर, एकनाथ आणि तुकाराम यांच्या अभंगांत पंढरपूर हे माहेर ठरते. भक्त सासुरवाशीण होतो, विठ्ठल-रखुमाई मायबाप होतात आणि संसार हे सासर. अभंगकर्ते पुरुष असूनही देवाची ओढ सांगण्यासाठी त्यांना लेकीची भूमिका घ्यावीशी वाटली, यावरून त्या अनुभवाची तीव्रता कळते. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी आषाढी वारीसाठी पायी पंढरपूरला जाते. या वाटेवर चालणाऱ्या वारकऱ्यांच्या तोंडी आजही हीच उपमा असते.

बहिणाबाई चौधरी

जळगावजवळील आसोदे हे बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे माहेर. त्या निरक्षर होत्या. त्यांची गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांच्या माहेरविषयक कवितेत एक महत्त्वाचा विचार येतो: आई स्वतः सासरी नांदते, म्हणूनच लेकीला माहेर मिळते. म्हणजे प्रत्येक माहेर हे आधी कोणाचे तरी सासर असते. एका स्त्रीने आपले घर सोडून दुसरे घर उभे केले, तरच तिच्या मुलीला परतण्यासाठी जागा उरते.

अरबी काव्याशी तुलना

इस्लामपूर्व अरबी कसीद्याचा आरंभ बहुधा उजाड मुक्कामाच्या वर्णनाने होतो. सहाव्या शतकातील इम्रुल कैस याची दीर्घ कविता याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. चराऊ रानांच्या शोधात टोळ्या मुक्काम हलवीत. प्रियेची टोळी निघून गेल्यावर मागे राहिलेल्या खुणांपाशी कवी थांबतो आणि शोक करतो. या खुणांना ‘अत्लाल’ म्हणतात, तर घराच्या ओढीला ‘हनीन’. विसाव्या शतकात महमूद दरवीश (१९४१–२००८) यांच्या कवितेत ही परंपरा वेगळ्या रूपाने येते. त्यांचे अल-बिरवा हे गाव १९४८च्या युद्धानंतर नामशेष झाले.

दोन्ही परंपरांत हरवलेल्या घराला कवितेत ठरलेली जागा आहे. फरक असा की, अरबी कवितेत माणसे जातात आणि कवी उरलेल्या खुणांपाशी उभा राहतो. ओवीत घर तसेच उभे असते आणि जावे लागते ते लेकीला.

वतन आणि माहेर

मूळ भूमी या अर्थाचा ‘वतन’ हा अरबी शब्द मराठीत वेगळ्या अर्थाने रुळला. येथे तो गावातील वंशपरंपरागत हक्काचा वाचक झाला. बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा हे जिजाऊंचे माहेर आणि तिचे वडील लखुजी जाधवराव यांच्या देशमुखीचे ठिकाण. १६२९ मध्ये दौलताबाद येथे निजामशाही दरबारात लखुजी आणि त्यांचे काही पुत्र मारले गेले, तेव्हा जिजाऊंनी वडील आणि भाऊ एकाच दिवशी गमावले. आज हे गाव मातृतीर्थ म्हणून ओळखले जाते.

वतन मुलाकडे जाई; लेकीच्या वाट्याला येई ते माहेरपण. ते हक्काचे नसून मायेवर अवलंबून होते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. तरीही भावाशी संबंध तुटू नयेत म्हणून अनेक बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. जमिनीचा वाटा सोडून माहेर राखण्याच्या या निर्णयामागे ओवीतील तीच जुनी भीती दिसते.