हळदीनंतरची शेड

लग्नाचा अल्बम हातात आला की मी आधी नवरीची मान बघते, मग कान, मग मेंदीचे हात आणि चेहरा सगळ्यात शेवटी. फाउंडेशनची शेड बसली की नाही, याचा निकाल हनुवटीच्या खाली लागलेला असतो. आमच्या सटाण्यातल्या वैशाखातल्या लग्नांचे अल्बम चाळताना हा निकाल पुन्हा पुन्हा एकच दिसतो. चेहरा दोन-तीन शेड उजळ, त्यावर राखी झाक, मान नेहमीची आणि हात आणखी गडद. यात दोष मुलीच्या कातडीचा नसतो, आणि बहुतेक वेळा पार्लरवाल्या ताईंच्या हाताचाही नसतो. त्यांना तसं बजावलेलंच असतं. खुर्चीमागे आई किंवा मावशी उभी असते आणि म्हणते, "मनी पोर गोरी दिखनी पाहिजे बरं!" तेवढ्यावर बाटली ठरते.

माझं मत आधीच सांगून टाकते. फाउंडेशन कातडीचा रंग एकसारखा करण्यासाठी असतं. नीट लागलं तर ते कुठे सुरू झालं नि कुठे संपलं, हे शेजारी बसलेल्या बाईलाही कळू नये. आपल्या गव्हाळ, निमगोऱ्या, सावळ्या कातडीला शेड निवडताना पिवळा किती आणि तांबडा किती हे आधी बघावं, उजळ-गडद नंतर. या पिवळ्याच्या मागे मी कॉलेजातल्या गॅदरिंगपासून लागलेली आहे आणि अजून त्यातून बाहेर पडलेली नाही.

इतिहास थोडक्यात उरकते, कारण तो कुठेही वाचायला मिळतो. जर्मनीत लुडविग लाइश्नर या ऑपेरागायकाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिशाशिवायच्या, नंबर घातलेल्या रंगकांड्या काढल्या. हॉलिवूडमध्ये मॅक्स फॅक्टरने रंगीत चित्रपटांसाठी १९३७ साली पॅनकेक आणला आणि पुढच्याच वर्षी तो दुकानांत आला. आपल्याकडे टाटांनी १९५२ साली लॅक्मे सुरू केली. २०१७ मध्ये गायिका रिहानाच्या फेन्टी ब्यूटीने एकदम ४० शेड बाजारात उतरवल्या, तेव्हा कुठे बाकीच्या बऱ्याच कंपन्यांना सावळ्या आणि काळ्या कातडीची आठवण झाली.

आता माझ्या आवडीचा भाग. दुकानात मांडलेल्या बहुतेक सगळ्या बाटल्यांचे रंग मुळात चारच द्रव्यांतून होतात. टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा आणि लोहाच्या ऑक्साइडांचे पिवळा, तांबडा, काळा. नाव 'आयव्हरी' असो, 'हनी' असो की 'कॅरॅमल', आत हेच चौघं कमीजास्त प्रमाणात असतात. गंमत म्हणजे यातला पिवळा आपल्या पिवडीच्या जातीचा आणि तांबडा गेरूच्या. ज्या मातीने आपण भिंती आणि तुळशीवृंदावनं रंगवली, तीच द्रव्यं शुद्ध करून बाटलीत आलेली आहेत. जुन्या नाटकमंडळ्यांच्या आणि तमाशाच्या फडांच्या पेटीतही सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ, मुरदाडशिंग असा संसार असायचा. त्यातलं मुरदाडशिंग मात्र शिशाचं, म्हणजे सरळ विषच. ते वर्षानुवर्षं चेहऱ्याला लावणाऱ्या कलावंतांनी काय सोसलं असेल, या विचाराने मला आजही वाईट वाटतं.

भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या अध्यायात रंग मिसळण्याची कोष्टकंच दिलेली आहेत. पांढरा, निळा, पिवळा आणि तांबडा हे चार मूळ रंग. पांढऱ्यात पिवळा घातला की पांडू, पांढऱ्यात तांबडा घातला की पद्म, पांढऱ्यात निळा घातला की कापोत, म्हणजे पारव्याचा करडा रंग. आणि गौर? तांबडा आणि पिवळा! गौर रंगाच्या त्या मिश्रणात पांढऱ्याचं नावही नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून उठले आणि भेटेल त्याला सांगत सुटले. पुढे विलायती रंगभूमीचा रिवाज वाचला, तर तिथेही नट लाइश्नरची ५ नंबरची हस्तिदंती आणि ९ नंबरची विटकरी कांडी एकत्र करून नेहमीचा चेहरा रंगवत. पिवळसर आणि तांबडं. शेकडो वर्षांच्या आणि हजारो मैलांच्या अंतरावरच्या रंगपटांनी एकच उत्तर काढलं होतं.

मग आमच्या नवऱ्या राखी का दिसतात, याचंही उत्तर यात आहे. उजळ शेडमध्ये टायटॅनियमचा पांढरा जास्त असतो. गडद पृष्ठभागावर पांढऱ्याचा पातळ थर बसला की त्यातून परतणाऱ्या उजेडात निळसरपणा येतो. काळ्या पाटीवर खडूचा ओला हात फिरवला की पाटी पांढरी न होता करडी होते, तसंच. भरताचा कापोत इथे आपोआप तयार होतो. त्यावर उपाय म्हणून अजून पावडर थापली जाते आणि करडेपण वाढतच जातं.

हे सगळं मला पुस्तकांतून कळलं असलं, तरी दिसलं ते नाशिकला, परशुराम साईखेडकर नाट्यमंदिराच्या रंगपटात. राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस होते आणि ओळखीने मला आत उभं राहू दिलं होतं. एक वयस्कर रंगभूषाकार एका सावळ्या मुलीचा बेस करत होते. त्यांनी कांडी थेट चेहऱ्याला लावली नाही. डाव्या हाताच्या मुठीवर, अंगठ्याच्या मागच्या खळग्यात, दोन कांड्यांचे बोटभर रंग घेतले, बोटाने मळले आणि मुलीच्या जबड्याच्या हाडावर एक उभी रेघ ओढून मानेपर्यंत उतरवली. मान तिरकी करून बघितलं. म्हणाले, "पिवळं कमी पडलंय." नखाच्या टोकाने गडद पिवळ्या कांडीचा कण घेतला, पुन्हा मळलं, जुन्या रेघेशेजारी दुसरी ओढली. ही दुसरी रेघ माझ्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. पुसली नव्हती, रंग तिथेच होता, फक्त दिसेना. "काका, नंबर कोणता घेतलात?" मी विचारलं. ते म्हणाले, "नंबर दुकानदाराला लागतो बाई, मला मान लागते."

मराठी माणसांनी रंगभूषेच्या या कलेत मोठं काम केलंय आणि त्याची नोंद आपण पुरेशी ठेवलेली नाही, असं मला वाटतं. रंगभूषाकार बाबा वर्दम यांच्या हाताखाली तयार झालेले पंढरी जुकर 'परदेशी' या १९५७ सालच्या भारत-सोव्हिएत चित्रपटाच्या निमित्ताने रशियात जाऊन शिकून आले आणि हिंदी चित्रपटसृष्टीतल्या कित्येक पिढ्यांचे चेहरे त्यांनी रंगवले. २०२० मध्ये ते गेले. विक्रम गायकवाडांना 'बालगंधर्व' आणि 'द डर्टी पिक्चर' या दोन चित्रपटांसाठी २०११ या वर्षाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं होतं. २०२५ च्या मे महिन्यात तेही गेले. 'बालगंधर्व' पुन्हा बघाल तेव्हा सुबोध भावेंच्या स्त्रीवेषातल्या गालांपेक्षा जबडा आणि गळा जिथे मिळतात, तिथे नजर ठेवा. पुरुषाच्या दाढीची हिरवट-निळी छटा झाकून वर स्त्रीची कांती आणणं किती अवघड असतं, हे ज्याने एकदा करून पाहिलंय त्यालाच माहीत.

आमच्या बागलाणात शेड जुळवण्याच्या या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि तो शहरी सौंदर्यसल्ल्यांत कधीच येत नाही. इथली मुलगी शिकलेली असली तरी कांदा लागवडीला, द्राक्षबागेत, डाळिंबाच्या तोडणीला जाते. जाताना ओढणी किंवा रुमाल नाकातोंडावरून घट्ट बांधते. त्यामुळे कपाळ आणि डोळ्यांभोवतीचा पट्टा उन्हात रापतो, गाल आणि हनुवटी झाकलेली राहतात, मनगटापुढचे हात सगळ्यात गडद. एकाच मुलीच्या अंगावर तीन-चार शेड! 'त्वचेशी जुळणारी शेड घ्या' म्हणताना कुठल्या त्वचेशी, हे कोणी सांगत नाही. मी मानेची बाजू धरते. मान मध्ये येते, आणि फोटोत चेहऱ्याला लागून तीच दिसते. कपाळाला मग त्याच जातीची एक शेड गडद घेऊन केसांच्या रेषेपाशी विरवायची. हातांना मनगटापर्यंत थोडा हात फिरवला तर बांगड्या आणि मेंदी दोन्ही खुलतात. दुकानात मात्र तपासणी हाताच्या मागच्या बाजूवर होते, आणि शेतातल्या मुलीचा तो भाग तर तिच्या चेहऱ्याशी काडीचाही जुळत नाही.

दुसरा पदर हळदीचा. ट्रायल आठवडाभर आधी होते, लग्न हळदीच्या दुसऱ्या दिवशी. मधल्या रात्री मुलीचा रंगच बदललेला असतो. हळदीतलं पिवळं द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. त्यामुळे साबणाने कितीही धुतलं तरी झाक राहते, आणि ट्रायलला चपखल बसलेली शेड लग्नाच्या सकाळी गुलाबी दिसू लागते. खोबरेल तेलाने हलक्या हाताने पुसून घेतलं तर बरीच उतरते. उरलेल्यासाठी पार्लरवाल्या ताईंनी पिवळी कांडी जवळ ठेवावी आणि मानेवर पुन्हा एकदा रेघ ओढावी. मला स्वतःला हळद लागलेल्या मुलीचा रंग इतका आवडतो की ती झाक राखूनच बेस करावा असं मी आग्रहाने सांगते. वरमाईला पटवणं मात्र कठीण जातं.

उजेडाचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कटलरीच्या दुकानातल्या ट्यूबच्या उजेडात जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे पडतात. कुठला उजेड कुठल्या रंगाला उठाव देईल, याचा भरवसा नसतो. म्हणून रेघा ओढून दुकानाच्या पायरीवर यायचं. थेट उन्हात नको, ओट्याच्या सावलीत. सकाळची वेळ उत्तम. शेजारशेजारच्या तीन शेड जबड्यावर ओढायच्या आणि दहा-पंधरा मिनिटं बाजारात चक्कर मारून मग आरशात बघायचं, कारण चेहऱ्याच्या तेलात मिसळून बऱ्याच शेड थोड्या गडद होतात. एप्रिल-मे मधल्या उन्हात घाम येतोच, तेव्हा हा फरक जास्त. लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवात चेहऱ्यावर कापडाचा रंग पडतो. तिथे काही बदलायला जाऊ नये. बाहेर जुळलेली शेड आतही बहुधा मानेशी जुळलेलीच राहते. आणि मोबाइलचा फ्लॅश मारून एक फोटो काढायचा. चेहरा मानेपेक्षा पांढराफटक आला, तर खालच्या सनस्क्रीनमधलं किंवा त्या फाउंडेशनमधलं टायटॅनियम किंवा जस्त उजेड परतवतंय असं समजावं.

मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या, ही परीक्षा हल्ली सगळीकडे सांगतात. गव्हाळ आणि सावळ्या हातांवर तिचा मला उपयोग झालेला नाही. बऱ्याच जणींच्या शिरा नीट दिसतच नाहीत, आणि दिसल्या तर सगळ्या हिरवट. फिट्झपॅट्रिक मोजपट्टीचंही तेच. अमेरिकेतल्या त्या त्वचातज्ज्ञाने १९७५ साली ती उन्हाने कातडी भाजते की रापते हे बघून अतिनील उपचारांसाठी बनवली. आपल्यासारख्यांचे दोन खण तर नंतर जोडले. फाउंडेशन विकायला ती वापरणं मला पटत नाही.

सटाण्यात चाळीस शेड मिळत नाहीत, हे खरं. दुकानदाराचाही नाइलाज असतो. खपणाऱ्या दोन-तीन शेड ठेवतो, बाकीच्या पडून राहिल्या की पैसा अडकतो. म्हणून एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या दोन बाटल्या घ्याव्यात: एक पौषातल्या मानेला जुळणारी आणि एक वैशाखातल्या. मधल्या महिन्यांत दोन्ही मिसळायच्या. पिवळसर आणि गुलाबीसर यांत अडलं तर पिवळसर उचलावी, तांबडं नंतर गालावर लालीतून देता येतं. मैत्रिणीने किंवा जावेने निम्मे पैसे घातले तर फार जड जात नाही. विकत घेताना बाटलीवर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात १२ किंवा १८ महिन्यांचा आकडा, तो बघावा. झाकण उघडल्याची तारीख पट्टी चिकटवून बुडाला लिहून ठेवावी, आणि उन्हाळ्यात बाटली पत्र्याच्या घरातल्या कपाटात न ठेवता माठाजवळच्या फडताळात ठेवावी.